अमावास्येची बाई

वलगावात अमावास्येला बैल जुंपत नसत. पुरुष त्या दिवशी पारावर बसून अमरावतीच्या बाजारातला कापसाचा भाव घोळवत. सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई पेटली, म्हणून इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. पण आमचे लोक मिशीला असा पीळ देत, जणू ती लढाई यांनीच लावली. बाया मात्र त्या दिवशीही वावरात जात, आणि तेही फुकट. बाळंतीण, आजारी, एकटी, अशा कुणाचं काम अडलं की दहा-बाराजणी मिळून तिचं वावर निंदून किंवा वेचून देत. मजुरीचा कापूस घ्यायचा नाही, भाकरसुद्धा आपली आपण न्यायची. गाव त्यांना अमावास्येच्या बाया म्हणे. त्यांची म्होरकी पार्वताबाई.

नत्थुजींची सून वच्छला मार्गशीर्षात त्यांच्यात आली. अकोल्याच्या जुन्या शहरातली पोर. कापूस तिनं बाजारात पाहिलेला, झाडावर नाही. नव्या बाईला वर्षभर धुऱ्याकडची, बांधालगतची काटेरी ओळ मिळे आणि तोंड बंद ठेवावं लागे. वच्छलाला तोंडाचीच अट जास्त जड गेली. बोटं सोलली, सासू हसली, पण तिनं एकही अमावास्या चुकवली नाही. वर्ष भरताना नव्या बाईला एक मान होता. कार्तिकातल्या अमावास्येला कोणाच्या वावरात जायचं ते तिनं सांगायचं, आणि बाकीच्यांनी जायचं.

त्या कार्तिकात मैनाबाईचं वावर बोंडं फुटून तसंच उभं होतं. मैनाबाई ही नत्थुजींच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. कापसाचा भाव चढला तसा नत्थुजींना भावाच्या जमिनीचा पुळका आला. पंचांनी निवाडा दिला: पौषापर्यंत मैनाबाईनं पीक घरी आणलं तर वावर तिचं, नाहीतर नत्थुजींचं. लगेच नत्थुजींनी गावभर सांगितलं, की जी मैनाच्या वावरात पाय ठेवील तिला माझ्याकडे वेचणी नाही. गावातलं सगळ्यात मोठं वावर त्यांचं. बाया गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवर पार्वताबाईनं विचारलं, "बोल वं, कोणाचं वावर?"

"मैनाकाकीचं."

"सासरा घराबाहेर काढीन तुले."

"काढू द्या. मान माहा हाय का नाई?"

पार्वताबाईनं सगळ्यांकडे पाहिलं. कुणी मान वर केली नाही, पण कुणी नाहीही म्हटलं नाही.

"हाय," ती म्हणाली. "दिवस उगवाच्या आंधी या सगळ्या."

पहिल्या वेचणीआधी वावराला दहीभात देतात, त्याला सीतादही म्हणतात. वच्छलानं त्यासाठी दह्याचं भरलेलं गाडगं आणलं. सगळ्यांच्या ओट्या कापसानं फुगल्या तेव्हा नत्थुजी धुऱ्यावर आले. त्यांची नजर आधी त्या गाडग्यावरच गेली.

"हे दही कोणाचं?"

"तुमच्याच घरचं, मामाजी." सासऱ्यापुढं तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"माह्या घराची पायरी चढू नको आता!"

"बरं," म्हणून ती पुढच्या झाडाकडे वळली. वेचणं थांबलं नाही.

संध्याकाळी कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन बाया मुद्दाम नत्थुजींच्या दारावरून गेल्या. दारात उभा असलेला वच्छलाचा नवरा किसन खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. वच्छला मैनाबाईकडेच राहिली. त्या रात्री ती खूप रडली, असं मैनाबाई पुढं सांगत असे.

दोन-चार दिवसांत नत्थुजींची दुसरी वेचणी आली. त्यांनी घरोघर निरोप धाडले. एकही बाई आली नाही. शेवटी ते स्वतः पार्वताबाईच्या दारात गेले.

"काहून येऊन नाई राहिल्या?"

"मैनाच्या वावरात पाय ठेवला आमी," पार्वताबाई म्हणाली. "तुमच्याच शब्दानं तुमची वेचणी आमाले बंद हाय."

वाऱ्यावर कापूस गळून मातीत चालला होता. नत्थुजी दोन दिवस तणतणले, मग मैनाबाईच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, घरी चाल. बायायले बी सांग."

"आंधी काकीचं सारं वावर वेचून होऊ द्या, मामाजी. मंग तुमचं." नत्थुजींनी पुढं पाऊल टाकलं, तशी ती म्हणाली, "पायरी चढू नका. काकीचा कापूस पसरला हाय तिथं."

नत्थुजी पायरीखालीच थांबले.