हवेतून खत काढणारा आणि त्याची बायको

आम्ही वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. मी पुण्यात केमिस्ट्रीत पीएचडी करून एका लॅबमध्ये काम करत होते. इथे प्रत्येक इंटरव्ह्यूत ‘लोकल एक्सपीरियन्स’ विचारत. तो कुठून आणायचा ते कुणी सांगत नसे. पुढे मी अर्ज करणं सोडलं. नवरा सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जाई आणि मी घर सांभाळी.

लेक बारा वर्षांची असताना शाळेत भाषणाची स्पर्धा होती, विषय एखादा शास्त्रज्ञ. मी तिला एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ सुचवला. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची वाट त्याने शोधली, त्यातून खत आलं आणि अर्धं जग जेवू लागलं. आमच्या आसपासची हिरवीगार कुरणंसुद्धा त्याच वाटेने आलेल्या युरियावर वाढतात, हे ऐकून ती खूश झाली. कितीतरी वर्षांनी मी कुणाला तरी रसायनशास्त्र शिकवत होते. कांदा चिरता चिरता बोलायचे आणि ती टिपून घ्यायची.

त्या शास्त्रज्ञाची बायकोही रसायनशास्त्रातली डॉक्टरेट होती, हेही मी सांगितलं. लग्नानंतर तिचं काम सुटलं. नवऱ्याच्या पुस्तकाला हातभार लावला, तर अर्पणपत्रिकेत मूकपणे साथ दिल्याबद्दल आभार मिळाले. पुढे महायुद्धात त्याने विषारी वायू सैन्याच्या हाती दिला. आघाडीवर तो वायू पहिल्यांदा सोडला गेल्यावर हा घरी परतला, आणि थोड्याच दिवसांत तिने त्याच्याच पिस्तुलाने बागेत जीव दिला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आघाडीवर निघून गेला.

लेकीने ते सगळं भाषणात घेतलं. रात्री जेवताना तिने ते वाचून दाखवलं.

नवरा म्हणाला, “बायकोचा भाग काढ. विषय त्याच्या शोधांचा आहे.”

आत्महत्येचा उल्लेख गाळू, पण ती शास्त्रज्ञ होती एवढं तरी राहू दे, असं मी म्हटलं. त्यावर, वेळ तीनच मिनिटांचा आहे, असं तो म्हणाला. लेकीने पेनाने बायकोचा सगळाच भाग खोडला.

तिचा पहिला नंबर आला. हॉलबाहेर तिच्या शिक्षिकेने ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करत आमच्याशी हात मिळवला आणि एवढं अवघड सायन्स घरी कोण शिकवतं, असं विचारलं.

लेक म्हणाली, “बाबा इज ॲन इंजिनिअर. मम इज जस्ट ॲट होम.”

शिक्षिकेने नवऱ्याचं अभिनंदन केलं. तो संगणकाचा इंजिनिअर, अमोनियाचं सूत्रही त्याला धड आठवलं नसतं. तरी त्याने हसून थँक यू म्हटलं.

गाडीत मी विचारलं, “तू गप्प का बसलास?”

“आज तिचा दिवस आहे,” तो म्हणाला. “त्यात तुझं कशाला?”

लेक मागच्या सीटवर मैत्रिणींना मेसेज करत होती. तिला मराठी कळतं. बारा वर्षांच्या पोरीचा राग मला आला नाही. घरात जे दिसत होतं तेच ती बोलली होती.

पुढच्या वर्षी तिला सायन्स फेअरसाठी प्रोजेक्ट हवा होता. वही घेऊन ती स्वयंपाकघरात आली.

मी म्हटलं, “बाबांना विचार. ते इंजिनिअर आहेत.”

ती वही मिटून वर तिच्या खोलीत गेली. प्रोजेक्ट तिने इंटरनेटवरून उतरवला. बक्षीस मिळालं नाही. नवऱ्याने मला विचारलं, या वेळी तू लक्ष नाही का दिलंस?