पाहुण्यांना दाखवण्याजोगी शहरं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी जगातलं एकही शहर स्वतःसाठी म्हणून पाहिलेलं नाही. पॅरिस, रोम, व्हेनिस, लंडन, सगळीकडे हा माणूस जाऊन आला. पण जाईल तिथे डोक्यात एकच, इथे पाहुणे आणले तर जमेल का? काकांची सगळी नोकरी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली आणि अकोला-वाशीमकडून दिल्लीला निघालेला प्रत्येक माणूस त्यांच्याकडेच उतरायचा. मावसभावाचा साडू, साडूचे शेजारी, मुलाखतीला आलेली पोरं. काकूंनी भाकऱ्या थापायच्या आणि काकांनी दिल्ली दाखवायची. कुतुबमिनार सकाळी, ऊन चढायच्या आत. दुपारचं जेवण कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात, कारण एव्हाना पाहुणा छोल्यांना कंटाळलेला असतो. इंडिया गेट दिवे लागल्यावर. यात बदल नाही म्हणजे नाही.

निवृत्तीनंतर दोघं इथे दिल्लीतल्याच द्वारकेत आमच्या डोक्यावर राहायला आली, आणि व्हिएन्नाला स्थायिक झालेली त्यांची लेक त्यांना सहलींना पाठवू लागली. परत आले की काका आमच्या सोफ्यावर बसून अहवाल द्यायचे. "आयफेल टॉवर कसा होता, काका?" "चांगलाय. पण खाली सावली नाही यार. म्हातारी माणसं बसवायची कुठे?" रोमला म्हणे आपला पुराना किलाच, फक्त डबा उघडला की पहारेकरी अंगावर येतो. व्हेनिसबद्दल फार बोललेच नाहीत. "रस्त्यात पाणी. पावसाळ्यात आपल्याकडे फुकट दिसतं." लंडनला तर कहर केला. राजवाड्यासमोर पहारा बदलताना बघायला अख्खी टूर उन्हात उभी होती. काकांनी झाड हेरलं, बाथरूम हेरलं आणि "चलो, सगळे इकडे या, पिशव्या सांभाळा" म्हणून हाक दिली. झेंडा धरलेली गाइड एकटीच मागे राहिली. पहारा मात्र कुणालाच दिसला नाही. काकू मला म्हणाल्या, "मी ओळखच दाखवली नाही बघ यांना!"

काकू गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. पाहुणे मात्र त्याच्या आधीपासूनच आटले होते. हल्ली लोक फोनवरून हॉटेल ठरवतात, दारात टॅक्सी येते, कुणाला कुणाची गरज नाही. एकदा सख्ख्या भाच्याने कुतुबसमोरचा बायकामुलांसकट फोटो टाकला. काकांना तो दिल्लीत आल्याचंच ठाऊक नव्हतं. "अच्छा, मजेत दिसतोय," एवढंच म्हणाले आणि दोन दिवस खाली उतरले नाहीत. मला त्या भाच्याचा असा राग आला म्हणून सांगू!

लेकीने मग हट्टच धरला, बाबा, आता इकडेच या. काका टाळत होते. मी जरा समजवायला गेले, तर म्हणाले, "तिथे माझ्याकडे कोण येणार गं?" मी चहा टाकला. शेवटी गेल्या दिवाळीनंतर ते गेलेच, फ्लॅटला कुलूप लावून.

परवा व्हिडिओ कॉल आला. काका इतके खुशीत की फोन कानाला लावून बोलत होते, मला नुसता कान दिसत होता. झालं होतं असं, की व्हिएन्नाच्या स्टेशनवर त्यांना एक तमिळ कुटुंब दिसलं, बॅगा घेऊन गोंधळून उभं. काकांनी न विचारता एक बॅग उचललीच! मग मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी त्यांना दिवसभर अख्खं शहर फिरवलं, आधी मोठं चर्च, मग राजवाडा, मग बागेत बाकावर बसून सगळ्यांनी मिळून त्यांच्या डब्यातल्या इडल्या. आणि संध्याकाळी सगळ्यांना लेकीच्या घरी जेवायला! लेक ऑफिसमधून येते तर दारात पाच जोड चपला.

"ओरडली का हो?" मी विचारलं.

"ओरडली थोडी. म्हणे बाबा, अनोळखी माणसं घरात? म्हटलं, जेवायला बसली की कसली अनोळखी? मग तिनेच भात वाढला. अगदी आईसारखा आग्रह केला पोरीने." मग काकांनी फोन कानावरून काढून समोर धरला. पहिल्यांदाच नीट दिसले, बरेच वाळलेले. "जाताना म्हणाले, अंकल, पुन्हा येऊ. येतील का गं?"

"येतील ना, काका," मी म्हटलं. "का नाही येणार?"