आठ कोरी पानं

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. फोन करणाऱ्याने त्याच दमात सांगितलं, की दहाव्याला तुम्हीच बोलायचं. आमच्या बेलापुरात दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि त्यासाठी मराठीच्या निवृत्त मास्तराइतका फुकट माणूस दुसरा मिळत नाही.

रंगनाथ माझा विद्यार्थी. आयुष्यभर कांद्याचा ट्रक घेऊन पार आसामपर्यंत जायचा. साठीनंतर त्याने त्या प्रवासांच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. प्रकाशनाला वक्ता मीच होतो. पाऊण तास भाषण ठोकलं... नुसती अनुक्रमणिका चाळून. ट्रक ड्रायव्हर काय लिहिणार, असं मनात होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

पंधरवड्याने तो घरी आला, खांद्याला पिशवी. चहा घेतला. मग म्हणाला, "गुरुजी, ब्रह्मपुत्रेचं परकरन वाचलं का?"

"अरे, तेच तर सगळ्यात सरस," मी ठोकून दिलं. तो पिशवी उचलून निघून गेला.

दहाव्याच्या तयारीला म्हणून पुस्तक पहिल्यांदा वाचायला घेतलं. ब्रह्मपुत्रेच्या प्रकरणाचं नुसतं शीर्षक, पुढे आठ पानं कोरी. छापखान्याची चूक.  तसाच उठून त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. तिला ते ठाऊक होतं. रंगनाथने ती पानं पुन्हा छापून घेतली होती आणि डिंकाची बाटली घेऊन घरोघर जाऊन प्रत्येकाच्या प्रतीत स्वतः चिकटवली होती.

"तुमची तेवढी राहिली," ती म्हणाली. "हे म्हनले, म्या पिशवीतनं पानं भाईर काढली असती तर गुरुजींना लाज वाटली असती. ऱ्हाऊ दे."

तिने उरलेली पानं माझ्या हातात दिली. दहाव्याला हे सगळं कबूल करायचं ठरवून मी माइकपुढे उभा राहिलो. समोर माझे जुने विद्यार्थी होते. 'थोर प्रवासी लेखक' वगैरे बोललो आणि खाली बसलो. लोकांनी नेहमीसारखं छान बोललात म्हणून सांगितलं.

म्हणून आता लिहितोय. पानं परवा चिकटवली, जरा वाकडीच बसलीत. पुरात रस्ता तुटतो, रंगनाथ तीन दिवस अडकतो आणि एका अनोळखी घरात पिठलं करून सगळ्यांना वाढतो. त्यांची भाषा याला येत नाही, याची त्यांना येत नाही. दोनदा वाचलं. खरंच तेच सगळ्यात सरस आहे, रंगनाथ.