जामीन राहिलेल्या अन्नपूर्णाकाकू

ग्रामसेवक म्हणून मी केनवडजवळच्या या गावी रुजू झालो, त्या दिवशी चावडीवर माझे स्वागत पंचायतीच्या सभासद अन्नपूर्णाबाईंनी केले. साऱ्या गावाच्या त्या काकू. चहा संपायच्या आत म्हणाल्या, "साहेब, गाव पाहाचं असन त चावडीवून नोका पाहू. नदीकडून पाहा." मी त्यांच्यामागे निघालो. नदीकाठच्या वस्तीत पुरात खचलेल्या भिंतींना लाकडांचे टेकू दिले होते. काकू प्रत्येक दारापुढे थोडे थांबल्या.

पुढे खेड्यांतील घरांसाठी सरकारी कर्जाची योजना आली. अर्जदार गावचा रहिवासी असावा, जागा त्याच्या नावाची असावी, पक्के घर नसावे आणि जामीनदार मिळावा, अशा अटी होत्या. शिफारस पंचायतीने करायची होती. पहिलाच अर्ज काकूंच्या सख्ख्या दिरांचा होता. त्यांचे विटांचे घर उभे होते. काकू भर बैठकीत म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं घर मजबूत हाय. हे तुमच्यासाठी नाही." दीर उठून गेले. त्यांनी काकूंच्या घरची पायरी आजवर चढलेली नाही. सणाला काकू त्यांच्याकडे ताट पाठवतात. ते तसेच परत येते.

त्याच बैठकीत कौसल्येचा अर्ज निघाला. ही मजुरी करणारी बाई. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून घराची जागा तिच्या नावावर चढली होती. नवरा महादू कारंज्याच्या कापसाच्या जिनात कामाला म्हणून गेला, तो परतला नव्हता. तालुक्याहून आलेले अधिकारी म्हणाले, "कुटुंबप्रमुखाची सही लागेल. नवऱ्याला आणा."

"तो कुठं हाय ते तुमाले ठाऊक असन त सांगा, मी जाऊन आणतो," काकू म्हणाल्या. "त्या घरात चूल कोन पेटवते, साहेब? पोरीले कोन पोसते? मंग प्रमुख कोन झालं?"

अधिकारी कठोर नव्हते. बराच विचार करून म्हणाले, "अर्ज वर पाठवतो. पण हिला जामीन कोण राहील?"

"मी राहातो," काकू म्हणाल्या. "माह्यं वावर लिहून घ्या."

ते शेत कसणारा काकूंचा मुलगा विश्वनाथ तिथेच होता. तो हळूच म्हणाला, "माय, वावर जाईन."

"तिची भिंत पडली तवा पोरीले घेऊन ती आपल्या गोठ्यात निजली. तुले दिसलं नाही काय?"

अर्ज मंजूर झाल्यावर विटा वाहायला बैलगाडी विश्वनाथनेच जुंपली.

घराच्या छपरावर मातीचे कवेलू चढले आणि महादू परतला. येताना घर विकत घेणारे गिऱ्हाईकही घेऊन आला. कौसल्येने काकूंना बोलावणे धाडले, मीही गेलो. काकू ओट्यावर टेकल्या. "महादू, बस. पानी पे. पन इकाची गोष्ट काढू नोको. हे घर तुह्यं नाही." गिऱ्हाईक निघून गेले. महादूचा चेहरा उतरला. "मंग मी कुठं जाऊ, काकू?" तो म्हणाला.

आता काकू निवाडा देतील, असे आम्हां सर्वांना वाटले. त्या कौसल्येकडे वळल्या. "मले कायले पाहातं? तू सांग. घर तुह्यं हाय."

कौसल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "ओट्यावर राहू दे त्याले," ती म्हणाली. "आत मी सांगीन तवा."

महादू राहिला. मजुरीला जाऊ लागला, हप्त्याला हातभार लावू लागला. दिवाळीच्या सकाळी कौसल्येने त्याला जेवायला आत बोलावले. काकूंच्या वावराला धक्का लागला नाही.

काकूंच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा त्यांची संमती घ्यायला आम्ही गेलो. त्या रागावल्याच. "नदीकाठच्या लोकायच्या जागा अजून त्यायच्या नावच्या नाही झाल्या. जागा नाही त कर्ज नाही. तवर कायचा सत्कार?" त्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही हा शब्दांचा हार आम्ही हट्टाने घालत आहोत. काकूंच्या गुडघ्यांना बळ आणि नजरेला तेज राहो. वस्तीतल्या प्रत्येकाची जागा त्याच्या नावाची झालेली त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहावी, एवढे आयुष्य त्यांना लाभो. आणि ते काम लांबलेच, तर त्यांचे आयुष्यही तितकेच लांबो.