सूर्य मावशीला दिसेपर्यंत

भद्रावतीहून निघाले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी, पाण्याची बाटली आणि फोनमध्ये एक फसलेला सूर्यास्त होता.

तो फसला माझ्याच हातून. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिने समुद्र पाहायचा हट्ट धरला, म्हणून मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजावर तिला नेलं. संध्याकाळी वरच्या डेकवर ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि मी फोटो काढला. सूर्य झकास आला, पाणी झकास आलं. आई मात्र उजेडाला पाठ करून उभी होती, त्यामुळे तिचं तोंड काळं ठिक्कर.

तो फोटो मला मावशीला दाखवायचा होता. मावशी ही आईची धाकटी बहीण, भामरागडजवळच्या खेड्यात एकटी राहते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आणि ऑपरेशनचं नाव काढलं की फोनवर एकच उत्तर, "माह्यं काई अडून नाई राह्यलं." आईचे गुडघे गेलेले, तिकडच्या रस्त्याचे दणके तिला सोसत नाहीत. कित्येक वर्षांत दोघींची गाठ नाही. त्यात मे सरत आलेला. नद्या चढल्या की तिकडचा रस्ता बंद होतो, आणि डोळे पावसाळाभर थांबतील याची मला खात्री नव्हती. मी जन्मभर नर्सचं काम केलंय. मावशीला घेतल्याशिवाय परत येणार नाही, असं आईला बजावून मी एस.टी.त बसले.

गडचिरोलीला उतरून आधी दवाखाना गाठला आणि सोमवारचा नंबर लावून घेतला. मावशीला न विचारता लावला, हे कबूल करते.

आलापल्लीच्या गाडीत खिडकी मिळाली आणि मी फोटोच्या मागे लागले. आईचा हसरा चेहरा पाहून मावशी विरघळेल, हा माझा बेत. पण सावल्या उजळल्या की आई राखाडी व्हायची आणि सूर्य पांढरा पडायचा. सूर्य सावरला की आई पुन्हा अंधारात. शेजारी गडचिरोलीचे एक वयस्क शिंपी बसले होते, मांडीवर शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "काऊन बाई, सूर्याले धुऊन राह्यल्या का?" मी हकीकत सांगितली. त्यांनी फोन हातात घेऊन निरखला आणि म्हणाले की चेहऱ्यापुरतंच उजळा, बाकीच्याला हात लावू नका. मग मी बोटाने नेमका चेहराच उजळत गेले. पुढे जंगलात टायर बसलं, दोन तास सागाच्या सावलीत गेले, आणि तेवढ्या वेळात आईच्या गालावरची सुरकुतीसुद्धा दिसायला लागली. मी स्वतःवर जाम खूश झाले.

मावशीच्या अंगणात पोचले तर शेजारच्या सोमीबाईंनी तांब्या पुढे केला, "येर (गोंडीत पाणी) घ्या." मग जावा (तांदळाच्या पिठाची पातळ आंबील) आणि कैरीची फोड. उन्हातून आल्यावर त्यासारखं दुसरं काही नाही. मावशीने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मी वाळले असं जाहीर केलं. मी दुपटीने जाड झालेय.

दुसऱ्या दिवशी विड्यांसाठीची तेंदूची पानं आली. सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा असतो. मावशी न बघता बांधत होती, बोटं पानं मोजत होती आणि तोंड माझ्याशी बोलत होतं. मोजणी एकदाही चुकली नाही. पाहा, डोळ्याविना अडतं का काही, हेच ती मला दाखवत होती. ती पाणी प्यायला आत गेली तशी सोमीबाईंनी तिचे पुडे भराभर सोडले, डागाळलेली, किडकी पानं काढली, चांगली घातली आणि पुन्हा बांधून जागच्या जागी ठेवले. मला हळूच म्हणाल्या, "सांगू नोका. रोजचंच आहे." 

संध्याकाळी मी मावशीच्या हातात फोन दिला. तिने तो जवळ धरला, लांब धरला.

"धुकं आहे," म्हणाली.

इतक्या मेहनतीने उजळलेलं सगळं तिला एकसारखं पांढुरकं दिसत होतं. माझा बेत कोसळला, पण मी काही उठले नाही. सगळं केलेलं उलटं करायला घेतलं. रंग काढून टाकला, काळं अधिक काळं, पांढरं अधिक पांढरं. समुद्र गेला, कठडा गेला, सुरकुतीसकट आई गेली. मावशीला घरात नेलं, अंधारासाठी दार लोटलं आणि उरलेलं पुन्हा तिच्यापुढे धरलं.

"थांब," मावशी म्हणाली. "हे गोल काय आहे?"

"सूर्य."

"अन बाई कुठी आहे?" थोरल्या बहिणीला ती बाईच म्हणते.

"त्याच्यापुढेच उभी आहे. तुला दिसत नाही."

 मावशी फोन माझ्याकडे देत म्हणाली, "सोमी माहे पुडे सोडते. तिले वाटते मले मालूम नाई. पानं वाजते, मी आयकतो." मग पदराने नाक पुसून तिने विचारलं, "दवाखान्यात कवा जा लागते?"

सोमवारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने पट्टी काढली. शिंप्यांच्या सल्ल्याने उजळून वेगळा जपून ठेवलेला फोटो उघडून मी तयारच होते. मावशीने खिडकीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली आणि पाहतच राहिली.

"तू तं म्हातारी झाली व माय," ती म्हणाली.

मी हसत फोन पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

"फोटो राहू दे. तू इतकी झाली, तं बाई किती झाली असन. तिले पाहाले येतो मी."

दुसरा डोळा अजून व्हायचाय, तपासणीला पुन्हा यायचंय, म्हणजे माझी खटपट संपलेली नाही. पण त्या आठवड्यात चंद्रपूरच्या गाडीत आम्ही दोघी होतो. खिडकी अर्थातच मावशीने घेतली आणि हिरवा चष्मा सावरत ती प्रत्येक पाटीवर काय लिहिलंय ते मला विचारत होती. अक्षरं दिसत होती, वाचायला ती कधी शिकलीच नव्हती. मी एकही पाटी न गाळता भद्रावतीपर्यंत वाचून दाखवली.