आठवडाभर अंगणात

आमच्या लॅबमध्ये संशोधन किती झालं ते सर सांगतील, किस्से मात्र पोत्यानं साठले! विष्णुपुरीजवळच्या एका खोलीत मी, सुमन आणि आमचे देशपांडे सर उपग्रहाच्या रडारवरून जमीन किती वर आली, किती खचली ते मोजायचो. आता सर रिटायर, मी पुण्यात. इथं कॉम्प्युटर भारी आहेत. पण "या लवकर, इमेज आली!" असं कुणी ओरडत नाही.

*

रेणापूरकडं एका शेतात आम्ही पत्र्याचा तिकोनी रिफ्लेक्टर बसवला. शेतातल्या आजींनी विचारलं, "ह्यात टीव्ही दिसतो का?"

मी म्हटलं, "न्हाई आजी, ह्याच्यामुळं वरून उपग्रहाला तुमचं रान दिसतं."

आजींनी आभाळाकडं बघितलं आणि आधी डोक्यावरचा पदर नीट केला!

*

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये सरांचं लेक्चर. हॉल गच्च. पहिल्याच स्लाइडला एक मुलगी उठली, "सर, हे नीटला येतं का?"

"नाही."

हॉलभर पेनांची टोपणं टकाटक बंद!

परतताना सर लोह्याला चहाला थांबले. कप हातात घेत म्हणाले, "त्या वयात मीही असं विचारलं असतं, तर आज डॉक्टर असतो!"

*

एकदा नांदेडला भूकंपाचा हलकासा धक्का बसला. मुदखेडहून आईचा फोन. "भांडी वाजली रे. घरात जाऊ का बाहेर बसू?"

सरांनी फोन घेतला. "काकू, उपग्रह इकडं यायला अजून आठवडा हाय. मग सांगतो."

"हाव का? मग आठवडाभर अंगणातच बसते!"

आई आता नाही. धक्क्याची बातमी वाचली की माझा हात अजून फोनकडं जातो.

*

सुमनचं गाव मोठ्या भूकंपात पडलं, तेव्हा ती तान्ही होती. तिची आई ढिगाऱ्याखाली गेली. तिचे बाबा एकदा लॅबमध्ये आले. जुन्या गावाची मोकळी जागा स्क्रीनवर बघत म्हणाले, "सर, तवा काय काय हाललं, ते दावा की."

सर अवघडले. "बाबा, त्याला दोन फोटो लागतात. एक आधीचा, एक नंतरचा. आधीचा कुणाकडंच न्हाई."

"माझ्याकडं हाय की!"

बाबांनी डोळे मिटले.

"सुमे, वेशीतून आत ये. डाव्या हाताला लिंब. त्याच्या म्होरं आपलं घर. दारात तुझी माय उभी हाय, बघ."