दोन पट्ट्यांचा कॅप्टन

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळं कुठलाही कागद आला की तपासायला माझ्याकडंच येतो. माझ्या लग्नाचा कागदही मीच तपासला.

स्थळ मुदखेडचं, मुलगा नौदलात. स्थळ आणणारा मुलाचा मामा सगळ्यांना सांगत सुटला होता, "पोरगा कॅप्टन हाय." बायोडेटात मात्र लेफ्टनंट. वय अठ्ठावीस. मला तिथंच खटकलं. आमच्याकडं सुट्टीवर आलेल्या कुठल्याही जवानाला लोक मेजर म्हणतात, आणि तोही नको म्हणत नाही. मुलाचे वडील तर भूदलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गल्लीत ते मेजरच.

लातूरला क्लासमध्ये माझी एक मैत्रीण सैन्याच्या परीक्षेची तयारी करत होती. तिच्याकडून समजून घेतलं. नौदलाचा कॅप्टन म्हणजे भूदलाचा कर्नल. खांद्यावर चार पट्ट्या, नोकरी वीसेक वर्षांची. फोटोत पट्ट्या दोनच होत्या.

ते पाहायला आले. चहाचा ट्रे ठेवला आणि सरळ विचारलं, "ह्यात कॅप्टन कोण?"

आईनं डोळे वटारले. मुलगा वडिलांकडं बघायला लागला.

वडील हसले. "बाई, नौदलाचा लेफ्टनंट म्हंजे आमच्या मिल्ट्रीचा कॅप्टनच की. हितं लेफ्टनंट म्हणलं तर लोक म्हणतेत, आत्ता कुठं लागलंय पोरगं. म्हणून मी आपलं मिल्ट्रीच्या मापात सांगतो."

हिशेब बरोबर होता. पण आता माझा संशय बापावरून लेकावर गेला.

"तुम्ही का गप्प होता?"

"चारचौघांत वडिलांना खोटं कसं पाडू?"

"आणि मी फसले असते तर?"

त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"बाहेर ओसरीवर माझे चुलते बसलेत. त्यांनाही कॅप्टनच सांगितलंय. जाऊन सांगा."

तो उठला. बाहेर जाऊन उभ्यानंच म्हणाला, "काका, मी लेफ्टनंट आहे. कॅप्टन व्हायला अजून लई वर्षं लागतील."

चुलत्यांनी सुपारी दाढेखाली धरत शेजारी बसलेल्या मामाकडं पाहिलं. "ह्यो मामा तरी सख्खा हाय का, तेबी इचारून घे बाई."

होकार मी आठ दिवसांनी कळवला. लगेच कळवला असता तर त्यांना वाटलं असतं, ही पोरगी पटकन विश्वास ठेवते.